शेजारी बसून : भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळासाठी मदतनीसांच्या पुस्तिकेला प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या शेतकरी घराला वर्षानुवर्षे सर्वांत जास्त वेळा लागणारा सरकारी कागद म्हणजे सातबारा. पीककर्ज असो, ठिबकचे अनुदान असो, वारसनोंद असो, भावाभावांतले वाटप असो की कोर्टातला दावा, पहिली मागणी याच उताऱ्याची होते. जमीन कोणाच्या नावावर आहे, किती आहे आणि कोणत्या हक्काने आहे, हे गाव नमुना सात सांगतो. त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पिकले, हे गाव नमुना बारा सांगतो. पिढ्यान् पिढ्या हा उतारा तलाठी हाताने लिहून देत. त्यांच्या सजात, म्हणजे कार्यक्षेत्रात, अनेकदा एकाहून जास्त गावे असत. त्यामुळे उतारा मिळवायचा तर आधी तलाठ्यांची गाठ पडायला हवी, आणि ती पडेपर्यंत खेटे घालायचे, हे गृहीतच होते.

आता हा उतारा संकेतस्थळावर आहे. ‘महाभूलेख’वर विनास्वाक्षरी सातबारा, आठ-अ आणि मालमत्ता पत्रक कोणालाही फुकट पाहता येते. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरले की तो घरबसल्या उतरवून घेता येतो आणि सरकारी किंवा कायदेशीर कामाला चालतो. फेरफाराच्या, म्हणजे हक्काच्या नोंदीतील बदलाच्या, नोटिसा ‘आपली चावडी’वर दिसतात. वारसनोंद किंवा बोजा कमी करण्याचा अर्ज ‘ई-हक्क’मधून करता येतो. मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याची ‘ई-पीक पाहणी’ २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. महसूल खात्याच्या आणि पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या माणसांनी अनेक वर्षे खपून हे उभे केले आहे. त्याचे मोल मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

पुढचे बोलणे असे की, कागद संकेतस्थळावर आला म्हणजे तो माणसाच्या हातात आला असे होत नाही. या दोन गोष्टींमधले अंतर तोडायला माणूसच लागतो. वाचनालयात, ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या संगणक खोलीत आठवड्यातून काही तास बसून येणाऱ्याला हे संकेतस्थळ वापरायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे. संपादकांनी तिच्या प्रस्तावनेसाठी मला विचारले, याचा मला मनापासून आनंद आहे. अशी मदत ही सेवेचाच भाग आहे, ती कोणाची मेहरबानी नाही, असे मी बरीच वर्षे मानत आलो आहे.

अडचण नेमकी कुठे येते हे पाहिल्याशिवाय मदतीचे महत्त्व कळत नाही. महाभूलेख उघडले की पहिल्याच पानावर महसुली विभाग निवडावा लागतो. अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कोकण, नागपूर, नाशिक आणि पुणे असे सहा विभाग आहेत. सोलापूर किंवा सांगलीच्या माणसाला आपला जिल्हा माहीत असतो. तो पुणे विभागात येतो हे माहीत असण्याची त्याला कधी गरजच पडलेली नसते. मग जिल्हा, तालुका, गाव. धाराशिवच्या आजोबांच्या तोंडी अजून जुने नाव असते, त्यांच्या खरेदीखतावरही तेच असते, आणि यादीत ते शोधूनही सापडत नाही. अहिल्यानगरच्या माणसाचे तेच होते. एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावे असली आणि घाईत चुकीचे निवडले गेले, तर समोर परक्याचा उतारा येतो आणि माणूस दचकतो, ‘माझी जमीन गेली कुठे?’

खरा घोळ होतो गट क्रमांकाशी. १९४७ च्या कायद्याने जमिनीचे तुकडे पाडण्याला प्रतिबंध आला आणि एकत्रीकरण योजना राबवली गेली. तेव्हा ठिकठिकाणी जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. घरातल्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या दस्तावर सर्व्हे नंबर असतो आणि संकेतस्थळावर गट क्रमांक लागतो. कोकणात बऱ्याच ठिकाणी आजही सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात. ही माहिती संकेतस्थळाच्या पानावर मिळत नाही. ती जाणत्या माणसाजवळ असते, आणि मदतनीसाजवळ ती असली की अर्ध्या तासाचे काम दोन मिनिटांत होते.

क्रमांक आठवत नसेल तर नावावरून शोधता येते. तिथे ऱ्हस्वदीर्घ आडवे येते. मूळ नोंदीत ‘पाटिल’ असेल आणि आपण ‘पाटील’ लिहिले तर पुढे काही निघत नाही. अशा वेळी आडनावाऐवजी पहिल्या नावाने किंवा मधल्या नावाने शोधून पाहावे, ही युक्ती पुस्तिकेत सांगितली आहे. ती वाचताना मला वाटले, एवढ्या एका ओळीने कितीतरी लोकांचा हेलपाटा वाचेल. त्यानंतर मोबाइल क्रमांक, आणि शेवटी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे ओळखून लिहायची. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या, डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेल्या माणसाला लहान आणि मोठ्या लिपीतले इंग्रजी अक्षर वेगळे ओळखता येईल, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवायची?

उतारा समोर आल्यावरही वाचता आला पाहिजे. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते आणि शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यात. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजेच साधारण साडेचाळीस आर. हा हिशेब लावून दिल्याखेरीज ‘०.८१.००’ म्हणजे आपली दोन एकर, हे त्याच्या लक्षात येत नाही. भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन यांतला फरक, पोटखराब क्षेत्र, ‘इतर हक्क’ या रकान्यातला जुना बोजा, कंसात गेलेले नाव, या सगळ्याचा अर्थ सांगणारे प्रकरण हे या पुस्तिकेतले मला सर्वांत आवडलेले प्रकरण. मदतनीस कायद्याचा सल्ला देत नाही, हे त्यात स्पष्ट केले आहे. पण डोळ्यांसमोर काय लिहिले आहे, एवढे तरी माणसाला कळलेच पाहिजे.

या टेबलाशी कोण येते? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती आणि महिलांमध्ये सुमारे ७६ टक्के. म्हणजे सात वर्षांवरील साधारण दर चार महिलांपैकी एकीला तेव्हा अक्षरओळख नव्हती. त्यांतल्या कितीतरी जणी आज विधवा आहेत, खातेदार आहेत, घर चालवतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. माहेरच्या सातबाऱ्यावर आपले नाव लागले का, की हक्कसोड झाल्याचे दाखवून ते कमी झाले, हे एखाद्या बहिणीला पाहायचे असते. पूर्वी त्यासाठी माहेरच्या गावच्या चावडीत जावे लागे, आणि ती पोचण्याआधी बातमी भावांपर्यंत पोचे. आज ती सासरच्या गावातल्या वाचनालयात बसून ते पाहू शकते. संकेतस्थळाने दिलेले हे फार मोठे बळ आहे. पण तिच्या वतीने दुसऱ्याने पाहिले आणि गावभर केले, तर ते बळ तिथेच संपते. म्हणून या पुस्तिकेत गुप्ततेला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, हे मला फार योग्य वाटते.

दुसरा मोठा वर्ग गावाबाहेर राहणाऱ्यांचा. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी गणपतीला गावी गेला की चार दिवसांत जमिनीचे काम उरकू पाहतो. त्या चार दिवसांतले दोन सुट्टीचे असतात. फेरफाराच्या नोंदीवर हरकत घ्यायला कायद्याने पंधरा दिवसांची मुदत आहे. हितसंबंधितांना लेखी कळवण्याची तरतूद आहेच, पण पत्ता बदललेला असतो, घर बंद असते, नोटीस परत जाते. ‘आपली चावडी’ कशी पाहायची हे ज्याला माहीत आहे, तो ठाण्यात किंवा सुरतेत बसूनही वेळेत हरकत घेऊ शकतो. ज्याला माहीत नाही, त्याला नोंद मंजूर झाल्यावर कळते, आणि मग अपिलाची वाट धरावी लागते. संकेतस्थळ वापरता न येण्याची किंमत कधीकधी एवढी मोठी असते.

तिसरा वर्ग अपंग नागरिकांचा. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती मोजल्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानतो आणि माहिती व संपर्क तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांनी हा लढा दिला होता. बँकेच्या किंवा मोबाइल कंपनीच्या ओळख-पडताळणीत डोळे मिचकावून दाखवा म्हटले, तर ज्याला ते शक्यच नाही त्याने काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता.

दृष्टिहीन माणूस संगणक कानाने वाचतो. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते, ते मराठीही बोलते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असते. पण पानावरच्या बटणाला नाव दिलेले नसेल तर ते नुसते ‘बटण’ म्हणते. शासन निर्णयाचा कागद स्कॅन करून चित्र म्हणून टाकला असेल तर ते गप्प बसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर निरर्थक अक्षरे वाचत सुटते. असा मजकूर डोळस माणसालाही शोधून सापडत नाही. म्हणजे अपंगांसाठी केलेली दुरुस्ती सगळ्यांच्या उपयोगी पडते. अक्षर मोठे करता येणे, माऊसशिवाय टॅबच्या कळीने पुढे जाता येणे, चूक झाली तर ती कुठे झाली हे साध्या मराठीत सांगणे, एवढे केले तरी वयस्कर माणसाचे निम्मे ओझे उतरते.

आता मदतनीसाच्या वागण्याविषयी. पुस्तिकेचा गाभा एका नियमात आहे: माऊस येणाऱ्याच्या हातात राहील. मदतनीस शेजारी बसेल, बोटाने दाखवेल, पण शक्यतो स्वतः करून देणार नाही. पाळायला हा नियम अवघड आहे. बाहेर पाच जण थांबलेले असतात, समोरच्याचा हात थरथरतो, एक अक्षर शोधायला मिनिट लागते. आपण घेतला तर झटक्यात होईल, असे वाटते. तरीही थांबायचे. आज करून दिले तर तो माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा येईल, आणि आपण नसलो तर दलालाकडे जाईल. आज त्याला दहा मिनिटे जास्त दिली तर पुढच्या वेळी तो स्वतः करेल आणि शेजाऱ्यालाही दाखवेल. पोहायला शिकवणारा पाण्यात उतरतो, पण हात शिकणाऱ्यालाच मारू देतो. तसेच हे आहे. ज्यांना खरोखरच शक्य नाही त्यांचे काम करून द्यावे, पण प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत आणि त्यांच्या होकाराने.

दुसरा नियम विश्वासाचा. ओटीपी येणाऱ्याच्याच मोबाइलवर मागवायचा आणि त्यानेच भरायचा. त्याच्याजवळ फोन नाही म्हणून मदतनीसाने स्वतःचा क्रमांक देऊ नये. डिजिटल सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर पैसे आधी खात्यात भरावे लागतात आणि मग उताऱ्याचे पंधरा रुपये त्यातून वजा होतात. खाते दुसऱ्याच्या क्रमांकावर उघडले तर शिल्लक आणि कागद दोन्ही दुसऱ्याच्या ताब्यात राहतात. यूपीआयचा पिन टाकताना मान फिरवायची. काम झाल्यावर लॉगआऊट करायचे, उतरवलेली फाइल संगणकावरून काढून टाकायची, आधारचा फोटो आपल्या व्हॉट्सॲपवर घ्यायचा नाही. फसवी आणि मिळत्याजुळत्या नावांची संकेतस्थळे पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, हे येणाऱ्यालाच तपासायला शिकवायचे. सरकारी शुल्क किती आणि सेवा केंद्राचे शुल्क किती, हे त्याला आधी सांगायचे. मदतीच्या टेबलावर एक रुपयाही घ्यायचा नाही.

तिसरा नियम मर्यादेचा. संकेतस्थळ नोंद दाखवते, नोंद बदलत नाही. हस्तलिखित उताऱ्यात नाव बरोबर असेल आणि संगणकावर चढवताना चुकले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. तो तलाठ्यांमार्फत, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांमार्फत, तहसीलदारांकडे जातो. मदतनीसाने अर्ज कुठे करायचा ते सांगावे, सोबत कोणते कागद लागतील त्यांची यादी द्यावी आणि तिथे थांबावे. ‘होऊन जाईल’ असे आश्वासन कधीही देऊ नये. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने दिलेला हक्क आहे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे आणि अपिलाच्या पायऱ्याही आहेत. अर्ज केल्यावर मिळालेली पोच जपून ठेवायला सांगणे, हे म्हणून फार महत्त्वाचे. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही.

हे टेबल वाचनालयात असावे, असा संपादकांचा आग्रह आहे, आणि मला तो पूर्णपणे पटतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली उभी राहिलेली हजारो वाचनालये आहेत. तिथे जायला कोणाला कारण सांगावे लागत नाही. तिथे येणाऱ्याला कोणी ‘काम काय आहे?’ असे दरडावून विचारत नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. संदर्भ विभागातला ग्रंथपाल नेमके हेच करत आला आहे: समोरच्याला काय हवे ते समजून घ्यायचे, ते कुठे आहे ते दाखवायचे आणि बाजूला व्हायचे. पुस्तकाच्या जागी संकेतस्थळ आले म्हणून त्या कामाचा धर्म बदलत नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या भागात एक नोंदवही दिली आहे. येणाऱ्याचे नाव, गट क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक तिच्यात लिहायचा नाही. फक्त तीन गोष्टी लिहायच्या: काय हवे होते, कोणत्या पायरीवर अडले, शेवटी कसे सुटले. महिन्याच्या शेवटी ही नोंद तहसील कार्यालयाला आणि संकेतस्थळ चालवणाऱ्यांना पाठवायची. मला ही वही पुस्तिकेइतकीच मोलाची वाटते. पन्नास माणसे एकाच पानावर अडत असतील तर दोष त्या पन्नास माणसांचा नसतो, पानाचा असतो. मुंबई-पुण्यात बसून संकेतस्थळ बनवणाऱ्या तंत्रज्ञाला पाथर्डीचा किंवा धडगावचा माणूस कुठे थबकतो हे दिसत नाही. मदतनीसाला ते रोज दिसते. त्याने ते वर कळवले नाही, तर तो आयुष्यभर तीच एक अडचण सोडवत बसेल.

म्हणून शासनाच्या कार्यालयांनाही या प्रस्तावनेतून काही सांगायचे आहे. स्वयंसेवक आहेत म्हणून आपली जबाबदारी संपली, असे समजू नये. प्रत्येक तहसील कार्यालयात एक संगणक आणि एक माणूस केवळ या मदतीसाठी असावा. इंग्रजी अक्षरे ओळखायला लावण्याऐवजी ऐकू येणारा किंवा मराठीतला पर्याय द्यावा. जिल्ह्यांची आणि गावांची जुनी नावे शोधली तरी नवी सापडावीत. सर्व्हे नंबर टाकला तर आजचा गट क्रमांक दाखवावा. सूचना चित्रात न टाकता मजकुरात टाकाव्यात. आणि ज्याला संगणक नकोच आहे, त्याला खिडकीवर कागद मिळण्याची सोय चालूच राहावी. संकेतस्थळ आले म्हणून खिडकी बंद करणे हा अन्याय आहे.

मदतनीसांनो, ही पुस्तिका एकदा वाचून कपाटात ठेवू नका. टेबलावर ठेवा, तिच्या समासात तुमच्या गावच्या खाणाखुणा लिहा: जुन्या सर्व्हे नंबरांचे आजचे गट, बुद्रुक आणि खुर्दची भानगड, तुमच्या तहसीलदारांच्या भेटीचे वार. संकेतस्थळ बदलेल तशी ती दुरुस्त करा आणि चुका संपादकांना कळवा. आपल्या वाचनालयात असे टेबल अजून नसेल, तर येत्या ग्रामसभेत तो विषय मांडा. एक संगणक, दोन खुर्च्या आणि आठवड्यातले चार तास एवढ्यावर सुरुवात करता येते. ती या खरीप हंगामाच्या आधी करा, कारण पीककर्जासाठी पहिली धावपळ तेव्हाच सुरू होते.